दर वीस मिनिटांनी

त्या कंपनीकडे दोन जुनी धुडं होती, एक चिंचवडच्या ऑफिसात आणि दुसरं चाकणच्या कारखान्यात. मेनफ्रेम म्हणतात त्यांना. कपाटाएवढे काळे संगणक, बारा महिने थंडगार खोलीत ठेवलेले. चिंचवडच्या मशीनला सगळे थोरली म्हणत आणि चाकणच्या मशीनला धाकटी. कोणत्या गाडीला कोणत्या रंगाचा दरवाजा, कोणती सीट, हे सगळं थोरलीच्या पोटात. धाकटीने विचारायचं, थोरलीने सांगायचं आणि त्या सांगण्यावर चाकणची लाइन पुढे सरकायची. हा संसार कितीतरी वर्षं बिनबोभाट चालला होता. गेल्या जूनपासून त्याला दृष्ट लागली.

काम जोरात असलं की दोघींचं बोलणं सुरळीत चालायचं. जरा शांतता झाली की मात्र घात व्हायचा. आता जेवणाची सुट्टी कागदावर अर्ध्या तासाची, पण माणसं डबा धुऊन, तंबाखू मळून जागेवर येईपर्यंत कधी कधी चाळीस मिनिटं होतात, हे काय कुणाला सांगायला हवं? तेवढा वेळ धाकटीकडे विचारायला काही नसायचं. मग लाइन सुरू व्हायची, धाकटीचा पहिला प्रश्न निघायचा आणि वाटेतच कुठंतरी गडप व्हायचा. धाकटी आपली उत्तराची वाट बघत बसायची. पलीकडे कुणी ऐकत नाही हे कळायला तिला बारा मिनिटं लागायची. मग ती नव्याने जोडणी करायची आणि तोवर चारशे माणसं लाइनवर नुसती उभी राहायची.

गंमत म्हणजे त्या बारा मिनिटांत दोन्हीकडच्या पडद्यांवर जोडणी चालूच दिसायची. चिंचवडवाले म्हणायचे, आमच्याकडं सगळं ठीक आहे, चाकणचं बघा. चाकणवाले म्हणायचे, आमचंही ठीक, तुमचंच बघा. वर्षानुवर्षांच्या व्याह्यांची भांडणं यापेक्षा बरी असतात.

आणि मग चाकणच्या संगणक विभागाचा प्रमुख रविराज, वय एकतीस, डोकं तल्लख आणि पोटात धीर अजिबात नाही, त्याने एक तक्ता काढला. आठ महिन्यांत जोडणी एकशे चौदा वेळा तुटली होती, पण बबनरावांच्या पाळीत एकदाही नाही.

बबनराव म्हणजे धाकटीचे सगळ्यात जुने ऑपरेटर. मूळचे चऱ्होलीचे, अंगाने सडपातळ, बोलायला कमी. एकतीस जानेवारीला निवृत्त होणार होते. एखाद्याला वाटेल, ज्याच्या पाळीत लाइन बंद पडत नाही त्याला शाबासकी द्यावी. रविराजला उलटंच वाटलं. म्हातारा काहीतरी करून ठेवतो, इतरांच्या पाळीत लाइन बंद पाडतो, म्हणजे कंपनीने म्हणावं की बाबा, तुझ्याशिवाय चालत नाही, आणखी दोन वर्षं थांब. झालं! कारणे दाखवा नोटीस निघाली. चौकशी शुक्रवारी, निवृत्ती शनिवारी.

आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यात कामगार निवृत्त होतो तेव्हा त्याला फेटा बांधतात, शाल-श्रीफळ देतात, फुलं लावलेल्या गाडीतून घरापर्यंत सोडतात. गल्लीत फटाके वाजतात, बायका ओवाळतात. तीस वर्षांच्या नोकरीतला हा एकच दिवस माणसाचा स्वतःचा. चौकशी अंगावर असली तर त्यातलं काहीच नाही. पिशवी तपासून घ्यायची आणि गेटबाहेर पडायचं. चऱ्होलीत बबनरावांच्या थोरल्या भावाने बँड सांगून ठेवला होता. अशा माणसाने मान खाली घालून रिक्षातून उतरायचं, यापरीस मेलेलं बरं, असं वाटणारी ती पिढी.

खरं कारण शोधायला कंपनीने साधनाला धाडलं. ती नेटवर्कचं काम बघायची, चिखलीला राहायची आणि तोंडाने भलती तिखट होती. सोमवारी सकाळी तिने रविराजला पहिलंच वाक्य ऐकवलं, "तक्ता छान काढलायस रे. पण तक्त्यावरून माणसाला फाशी देतात होय?"

त्या दिवशी ती बबनरावांच्या शेजारी खुर्ची टाकून बसली. ती खोली मोठी अजब होती. बाहेर चाकणची धूळ, ट्रकांचे हॉर्न, उन्हाने पांढरा पडलेला रस्ता, आणि आत शाल लागेल अशी थंडी. पंख्यांचा एकसुरी आवाज, निळसर उजेड, भिंतीवर एक घड्याळ. थोड्या वेळाने तो आवाज ऐकू येईनासा होतो आणि मग आपण कुठं आहोत, कोणता वार आहे, याचं भान सुटत जातं. साधनाला वाटलं, आपण पाण्याखाली बसलोय. शेजारी बबनराव, पडद्यावर हिरवी अक्षरं, आणि सगळं इतकं सावकाश की पापणीसुद्धा आपली आपण मिटावी.

तिने मान झटकली. बबनरावांचा हात कीबोर्डकडे गेला आणि मधेच थांबला. ते घड्याळाकडे बघत होते. हात मांडीवर परत आला. थोड्या वेळाने पुन्हा तसंच.

"काही करायचंय का, काका? करा की. माझी अडचण नाही."

"न्हाई. कुठं काय?" बबनराव म्हणाले आणि उगाच चष्मा पुसायला लागले.

जेवणाची सुट्टी झाली. चाळीस मिनिटं गेली. लाइन सुरू झाली आणि धाकटीचा प्रश्न वाटेत हरवला. बबनरावांच्या पाळीत, आठ महिन्यांत पहिल्यांदा!

बबनराव पडद्याकडे बघतच राहिले. रविराज धावत आला. "बघा! मॅडम शेजारी बसल्या, तर याची चलाखी बंद पडली!" म्हणाला आणि तसाच गेला. बबनरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. साधनाला त्यांची इतकी दया आली की तिने तोंड फिरवून घेतलं.

पण दया येऊन कोडं सुटत नाही. आज या माणसाने काय केलं, हे शोधून उपयोग नव्हता. आज त्यांनी काय केलं नाही, ते शोधायला हवं होतं.

मंगळवारी ती धाकटीच्या जुन्या नोंदींत उतरली. कामाच्या नोंदी रविराजने चाळल्याच होत्या. पण ऑपरेटर एकमेकांना निरोप धाडतात, त्यांची वही वेगळी असते आणि ती कुणी उघडत नाही. साधनाने ती उघडली. त्या मशीनवर मराठी उमटत नाही, म्हणून सगळं इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं. एक ओळ चाकणहून चिंचवडला, "हाय का?" दुसरी तिकडून इकडे, "हाय." वीस मिनिटांनी पुन्हा. पुन्हा वीस मिनिटांनी. ती वर वर सरकत गेली. महिना, वर्ष, दहा वर्षं. वही बावीस वर्षांपूर्वी सुरू होत होती.

मधेच कुठं एखादी जास्तीची ओळ. "चहा झाला?" "झाला. तुमचा?" "इंद्रायणीला पाणी आलंय, जपून जा." "सुनेने शेंगोळी केली होती, चांगली झाली." "आज माझ्या यजमानांची तिथी." "बरं. दर धा मिंटाला हाक देतो आज." आणि त्या दिवशी खरोखर दर दहा मिनिटांनी हाक होती.

साधना वाचत राहिली आणि चहा निवून गेला. तिला ती हाक निघालेली दिसत होती. धाकटीच्या खोलीतून बाहेर, कांद्याच्या बाजारावरून, नदी ओलांडून, मोशीच्या टोलेजंग इमारतींवरून, भोसरीच्या भट्ट्यांच्या धुरातून थेट चिंचवडपर्यंत, एवढीशी हाक. आणि तिकडून तेवढंसंच उत्तर. दिवसातून चोवीस वेळा.

मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जूनमध्ये कंपनीने दोन्ही मशीनच्या मधे नवी फायरवॉल बसवली होती. म्हणजे वाटेवरचा पहारेकरी. कोण कुणाशी बोलतंय याची तो यादी ठेवतो आणि अर्धा तास कुणी बोललं नाही की त्यांचं नाव यादीतून खोडून टाकतो. बरं, खोडलं ते कुणाला सांगतही नाही. दोन्ही मशीन आपापल्या जागी समजत राहतात की आपली गाठ अजून बांधलेली आहे. नंतर निरोप आला की पहारेकरी म्हणतो, मी तुम्हाला ओळखत नाही, आणि टाकून देतो. मशीन स्वतःहून एकमेकींची खबर घ्यायच्या, पण दोन तासांनी एकदा. तोवर फार उशीर झालेला असायचा.

बबनरावांची हाक त्याच वाटेने जायची, वीस मिनिटांनी. त्यांच्या पाळीत अर्धा तास शांतता कधी होतच नव्हती.

उपाय सोपा होता. साधनाने बुधवारी सकाळीच दोन्ही मशीनना सांगून ठेवलं की दर दहा मिनिटांनी एकमेकींची खबर घ्यायची. पाच मिनिटांचं काम. अवघड काम पुढे होतं. ती बबनरावांकडे गेली आणि वहीची पानं त्यांच्यासमोर ठेवली.

बबनरावांनी एक ओळ वाचली आणि पानं पालथी घातली.

"हे शेतावरचं हाय," ते म्हणाले. "जोंधळ्याला राखण असायची. प्रत्येकाचा माचा आपल्या रानात. एकानं हाक द्यायची, 'जागं हाय का?' पलीकडच्यानं म्हणायचं, 'हाय.' मग त्यानं पुढच्याला हाक द्यायची. उत्तर न्हाई आलं तर समजायचं झोपला, न्हाईतर साप-किडूक चावलं. मग धावायचं. आता तिथं अकरा मजली इमारती झाल्या. चिंचवडची ही बाई नवऱ्याच्या जागी लागली तवा तिला मशीन म्हंजे काय ते ठावं नव्हतं. एकटी खोलीत बसायची, घाबरायची. मी म्हनलं, घाबरू नका, मी हाक देत जाईन."

"मग हेच सांगा ना शुक्रवारी! तुमच्यावरचा सगळा आळ एका मिनिटात जाईल."

"न्हाई." इतका मऊ माणूस, पण तो नकार लोखंडी होता. "बाईमाणूस हाय. घरात सून आलीया. बावीस वर्सं परक्या गड्याशी बोलत होती म्हनतील. लोकांच्या तोंडाला काय, हात लावायचा व्हय? माझं काय, चार दिस बोलतील नि गप बसतील. तुमी हे फाडून टाका, ताई."

"आणि बँड?"

बबनरावांनी पानांची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. साधनाला त्यांचा राग आला. असल्या माणसांशी भांडता येत नाही हीच तर खरी पंचाईत.

दुपारी ती थेट चिंचवडला गेली. थोरलीच्या खोलीत रंभाबाई बसल्या होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, ठसठशीत, खांद्यावर करड्या रंगाची शाल. साधनाने काही न लपवता सगळं सांगितलं. नोटीस, चौकशी, निरोप समारंभ. ऐकता ऐकता रंभाबाईंचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल होत गेला.

"नोटीस कधी मिळाली म्हणता?"

"पंधरा दिवस झाले."

"पंधरा दिवस! आणि मला रोज लिहितायत, बरं हाय, बरं हाय! मी विचारलंसुद्धा, आवाज का असा... अहो, लिहिण्यालाही आवाज असतो, कळतो तो. म्हणाले, गुडघा दुखतोय!" त्यांनी शाल खांद्यावर आपटली. "शुक्रवारी किती वाजता?"

"काकांनी तुमचं नाव घ्यायचं नाही असं सांगितलंय. तुमच्या घरी..."

"माझ्या घरचं मी बघीन. माझ्या अब्रूची राखण त्यांना कुणी सांगितली होती?" असं म्हणाल्या आणि डोळे पुसायला पाठ फिरवली.

गुरुवारी पट्ट्याची आठवड्याची सुट्टी. सगळे कारखाने गप्प. चोवीस तास दोन्ही मशीन एकमेकींची खबर घेत राहिल्या, आणि शुक्रवारी पहाटे धाकटीचा पहिला प्रश्न जसा निघाला तसा पोचला.

दुपारी तीनला चौकशी होती. खोलीबाहेरच्या बाकावर बबनराव धुतलेला पांढरा शर्ट घालून बसले होते. थोड्या वेळाने एक बाई आल्या, बसचा प्रवास करून दमलेल्या, आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकल्या. बबनरावांनी अंग चोरून जागा दिली. मग उठून कूलरमधून ग्लासभर पाणी आणलं आणि त्यांच्यापुढे धरलं. "घ्या. ऊन फार हाय." बाईंनी पाणी घेतलं आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. काचेच्या दारातून साधना हे बघत होती. तिला वाटलं, आत्ता कुणी हलू नये, घड्याळानेसुद्धा.

"रंभाबाई कोण? आत या," एचआरच्या बाईंनी हाक दिली.

बबनराव ताडकन उभे राहिले. बावीस वर्षांत त्यांनी हे माणूस पाहिलंच नव्हतं. रंभाबाई त्यांच्याजवळून पुढे गेल्या आणि जाताना म्हणाल्या, "गुडघा कसा आहे?"

बबनरावांनाही आत बोलावलं. साधनाने पहारेकऱ्याची गोष्ट सांगितली, वही टेबलावर ठेवली. रंभाबाईंनी स्वच्छ सांगितलं, "होय, आम्ही बोलत होतो. मला या कामात टिकवलं ते यांनी." रविराजने वही उलटीपालटी केली. हरायला आलेला माणूस शेवटचा पत्ता टाकतो तसा म्हणाला, "ठीक आहे. पण सप्टेंबरमध्ये या बाई आजारी होत्या. नऊ दिवस रजा. हजेरी आहे माझ्याकडे. तेव्हाही यांच्या पाळीत लाइन पडली नाही. तेव्हा कुणाशी बोलत होते? म्हणजे दुसरं काहीतरी करत होते ना?"

बबनरावांनी साधनाकडे अशा नजरेने पाहिलं की तिने क्षणभर विचार केला, नको वाचायला. पण मग तिने पान काढलं.

"नऊ सप्टेंबर, सकाळी सात. 'हाय का?' खाली मशीनचं उत्तर. 'ही व्यक्ती जागेवर नाही.' सात वीस. 'हाय का?' 'ही व्यक्ती जागेवर नाही.' सात चाळीस." तिने पान उलटलं. "असं पाळी संपेपर्यंत. मग दहा तारीख, बारा तारीख. मधली अकराची, गुरुवारची सुट्टी सोडून सतरापर्यंत. एकूण एकशे ब्याण्णव हाका. एकीलाही उत्तर नाही. तो निरोप पलीकडे कुणाला दिसतही नाही, तिकडचं मशीन तो परत धाडतं. लाइन टिकली ती या हाकांमुळे."

रविराजने हातातलं पेन खाली ठेवलं. मग उठला, म्हणाला, "काका, चुकलं माझं. उद्या गाडी मी स्वतः सजवतो," आणि एचआरच्या बाईंना घेऊन बाहेर गेला. तो वाईट नव्हता हो, घाईचा होता.

आत तिघं उरली. रंभाबाईंनी ते पान पुढे ओढलं आणि बोट लावून वाचत गेल्या, एकेक ओळ, शाळेतल्या मुलीने वाचावं तशी. डेंग्यूत प्लेटलेट उतरल्या होत्या त्यांच्या. त्या दिवसांतलं त्यांना काही आठवत नव्हतं, छताचा पंखा तेवढा आठवत होता. त्यांचं बोट शेवटच्या ओळीवर येऊन थांबलं.

"येडे का तुम्ही?" त्या म्हणाल्या, आणि आवाज फुटला. "मशीन सांगतंय माणूस जागेवर नाही, तरी आपलं चाललंय! दवाखान्यात होते मी. फोन करायचा होता एक."

"नंबर कुठं होता माझ्याजवळ?"

"मागायचा."

"मागितला असता तर दिला असता?"

रंभाबाईंनी खरं उत्तर द्यायला वेळ घेतला. "नाही," त्या म्हणाल्या.

"मंग."

साधना खिडकीशी जाऊन उभी राहिली, त्यांच्याकडे पाठ करून. खाली दुसऱ्या पाळीच्या बसेस येऊन लागत होत्या.

"आता घ्या लिहून," मागून रंभाबाई म्हणाल्या.

फोन गेटवर जमा होता, कागद सगळे कंपनीचे. बबनरावांनी साधनाचं पेन मागून घेतलं आणि तळहात पुढे केला. रंभाबाई सांगत गेल्या, ते एकेक आकडा लिहीत गेले. पाचाचा आकडा आठासारखा झाला.

"घामाने पुसेल ते. पाठ करा."

बबनरावांनी डोळे मिटले आणि म्हणायला लागले. मधले दोन आकडे चुकले. रंभाबाईंनी सांगितले. पुन्हा म्हणाले, आता शेवटचा चुकला. तो त्यांनी सांगितला. तिसऱ्यांदा बबनरावांनी फार सावकाश, एकेका आकड्यावर थांबत, सगळा नंबर बरोबर म्हटला.